जुळवून ठेवलेलं पान

टेबलाखालचं राहिलं, असं पडद्यावरून बाईंनी सांगितलं, तेव्हा त्याने लॅपटॉप दोन्ही हातांनी उचलला, जमिनीवर गुडघे टेकले आणि कॅमेरा टेबलाखाली धरला. तिथे कचऱ्याची टोपली होती.

"टोपलीत काय आहे?"

"कागद."

"कसले? दाखवा."

त्याने एका हाताने लॅपटॉप सांभाळत दुसऱ्या हाताने टोपली उपडी केली. गोळ्यांची रिकामी पाकिटं पडली, पेन्सिलीची सालं पडली आणि कागदाचे कपटे पडले. बाईंनी एक कपटा जवळ धरायला लावला. तो नियमात सांगितल्यापेक्षाही बारीक फाडलेला होता, त्यावर काही म्हणता काही वाचता येईना. बाई जराशा हिरमुसल्या.

विमा कंपनीत लोकांच्या आजारपणाची कागदपत्रं तपासणारे दीडशे कारकून आता घरून काम करत होते, आणि त्यांच्या खोल्या कॅमेऱ्यातून तपासायच्या हे बाईंचं काम होतं. दाराला कडी आहे का, खिडकीतून लॅपटॉपचा पडदा दिसतो का, पासवर्ड लिहून कुठे चिकटवलाय का. त्यांना सगळे पाठीमागे कुलूपबाई म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. कामात त्या खरोखरच चोख होत्या. दोन वर्षांपूर्वी एका कारकुनाच्या मेहुण्याने पडद्यावर एका विमेदार बाईचा आजार वाचला आणि चार दिवसांत ती बातमी तिच्या कचेरीत पोचली. तिची नोकरी गेली. त्यानंतर बाईंनी नवी नियमावली लिहिली. बाहेरच्या माणसाने पडद्यावरची एक ओळ जरी वाचली, तरी ज्याचा पडदा त्याची नोकरी त्याच दिवशी संपली. शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांना लागू, हे शब्द बाईंनी स्वतः घातले होते. प्रत्येक तपासणीचं चित्रण व्हावं, ते तडक मुख्य कचेरीत जावं आणि कुणालाही, अगदी तपासणाऱ्यालाही, ते पुसता येऊ नये, हेही त्यांचंच.

"आता दार."

त्याने लॅपटॉप दाराकडे वळवला. कडीच्या जागी स्क्रूची चार भोकं होती.

"कडी कुठे आहे?"

"काढली. मागच्या वेळी सांगितलं होतं मॅडम. दार लावलं की आई बाहेरून हात आपटत बसते. गेल्या महिन्यात मनगट सुजलं तिचं."

"म्हणजे दार बंद होत नाही."

"लोटून घेतो."

"बंद होत नाही," बाई म्हणाल्या आणि लिहिल्यासारखं केलं.

लिहिण्याची गरजच नव्हती. त्याचा अर्ज बाईंनी सकाळीच भरून ठेवला होता. त्यात काही विशेष नव्हतं. रोज आठ-दहा खोल्या तपासायच्या म्हणजे आधी निकाल आणि मागून तपासणी, असाच क्रम त्यांना पडला होता. माणसं बघून कळतातच की. पण याचा अर्ज त्यांनी चवीने भरला होता. त्याच्या नावावर आधीचे दोन शेरे होते. तिसरा पडला की घरून कामाची परवानगी रद्द, मग रोज सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा कचेरीत.

आणि त्याला कचेरीत येणं शक्य नव्हतं, हेही बाईंना माहीत होतं. घरात तो आणि त्याची आई, दोघंच. म्हातारीची आठवण पार गेलेली. एकटी राहिली तर गॅस चालू ठेवते, दार उघडून रस्त्याला लागते. पहिल्या तपासणीत त्याने हे सगळं अजिजीने सांगितलं होतं. बाई म्हणाल्या होत्या, आईचा रकाना माझ्या अर्जात नाही. त्यावर त्याने वरती तक्रार केली. तिच्यात एक वाक्य होतं: ज्यांच्या घरात दार वाजवायला कुणी नाही, त्यांना दार लावून घ्यायला काय जातं? वरच्यांनी ती तक्रार फाइलला लावली. बाईंनी मात्र ते वाक्य जिव्हारी लावून घेतलं. त्या एकट्या राहत होत्या आणि त्यांच्या दाराला दोन कड्या होत्या.

दुसऱ्या तपासणीत म्हातारी मध्येच खोलीत आली होती, औषधाचं खोकं हातात घेऊन. तिने ते लेकापुढे धरलं आणि विचारलं, सोडू का छापायला? तरुणपणी ती छापखान्यात खिळे जुळवायची, एकेक शिशाचं अक्षर वेचून ओळी लावायची. बाकीचं सगळं विसरली, तरी सापडेल तो कागद वाचायचा आणि परवानगी मागायची, हे विसरली नव्हती. लेकाने सोड म्हटलं की ती मुकाट्याने परत जाई. थांब म्हटलं, की तिथेच उभी राही. बाईंनी तेव्हा शेरा दिला होता. म्हातारी दुपारी साडेतीनला उठते, हेही टिपून घेतलं होतं.

आजची तपासणी त्यांनी सव्वातीनची ठेवली होती.

म्हणून तर टोपली, म्हणून कपटे. आता त्यांनी खिडकी दोनदा बघितली, वायरी मोजायला लावल्या, कपाटाचे खण एकेक उघडायला लावले. त्याचं कामाचं सगळं बंद होतं, पडद्यावर फक्त बाई दिसत होत्या, मागच्या भिंतीवरच्या त्यांच्या मानचिन्हासकट. उत्कृष्ट दक्षता, असं सोनेरी अक्षरांत, काळ्याभोर मखमलीवर, वर काच. कॅमेऱ्यात नेमकं खांद्याच्या वर दिसेल अशा बेताने बाईंनी ते टांगलं होतं. बाहेरच्याला आत दिसू नये म्हणून भरदुपारी त्यांच्या खोलीचे पडदे ओढलेले असत. उजेड काय तो समोरच्या मोठ्या पडद्याचा.

"अजून किती वेळ मॅडम?" त्याने विचारलं. आवाजात अजिजी उरली नव्हती. "सगळं दाखवून झालं. माझ्या अंगावरचे कपडे तेवढे राहिलेत."

"तेही नियमात बसत असतील तर बघू," बाई म्हणाल्या.

त्याने लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि तेवढ्यात दार उघडलं.

म्हातारी आत आली. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, हातात या वेळी काहीच नव्हतं. बाईंना आत कुठेतरी गार वाटलं. त्यांनी घड्याळाकडे बघितलं, तीन बत्तीस.

"तपासणीच्या वेळी खोलीत त्रयस्थ व्यक्ती," बाई म्हणाल्या. "तुमच्या डोळ्यांदेखत झालंय, आता तक्रार करू नका."

तो उठला नाही. आईला बाहेरही नेलं नाही. आता नेऊन काय फायदा होता? म्हातारीने वाचायला काही मिळतं का म्हणून टेबलावरून हात फिरवला, मग चष्मा चढवून पडद्यावर वाकली. तिचं नाक बाईंच्या अगदी समोर आलं, पण ती बाईंकडे बघत नव्हती. त्यांच्या खांद्यावरून मागे बघत होती.

"कर्मचारी सत्तेचाळीस, पूर्णविराम," म्हातारी वाचू लागली. आवाज एकसुरी होता, समोर कुणीतरी प्रूफ धरून बसल्यासारखा. "घरून कामाची परवानगी रद्द, पूर्णविराम. कारण, तपासणीच्या वेळी खोलीत त्रयस्थ व्यक्ती आली, पूर्णविराम."

बाईंना वाटलं, लेकाने पढवलंय. पण लेक आईकडे बघतच राहिला होता.

"आई, कुठे आहे हे?"

"हे काय, काचेत. उलटं आहे, मग? खिळे उलटेच असतात." तिने बोट पुढे केलं. "तपासणीची वेळ, दुपारी सव्वातीन. अर्ज भरल्याची वेळ, सकाळी अकरा."

बाईंनी झटकन मागे वळून बघितलं. मानचिन्हाच्या काचेत त्यांचा पडदा लख्ख दिसत होता. डोळ्यांना हल्ली त्रास व्हायचा आणि चष्मा लावायला त्या तयार नव्हत्या, म्हणून उघड्या अर्जातली अक्षरं त्यांनी केवढाली करून ठेवली होती. त्यांना ती उलटी अक्षरं वाचता आली नाहीत, पण कशाची आहेत ते कळलं.

"खाली अजून आहे," म्हातारी म्हणाली. "कर्मचारी बावन्न, पूर्णविराम. नवऱ्याशी घटस्फोटाचा दावा चालू, स्वल्पविराम, दोघे एकाच खोलीत..."

बाईंनी अर्ज बंद केला. त्यासाठी तीनदा दाबावं लागलं. काचेतली अक्षरं गेली.

एक ओळ जरी, हे शब्द बाईंचे होते आणि पडदाही बाईंचाच. त्याने आधी आईकडे बघितलं, मग पडद्याच्या कोपऱ्यात चित्रण चालू असल्याचा लाल ठिपका होता, तिकडे. बाईही तिकडेच बघत होत्या. मुख्य कचेरीत हे पोचायला काही वेळ लागत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

"तुम्ही हे..." बाईंनी सुरुवात केली.

म्हातारीने चष्मा काढून पदराला पुसला. मजकूर वाचून झाला होता, चूक सापडली नव्हती. तिने लेकाकडे मान वळवली.

"सोडू का छापायला?"

"मला नको विचारू, आई," तो म्हणाला. "पान त्यांनी जुळवलंय. त्यांना विचार."

म्हातारी पुन्हा पडद्याकडे वळली आणि आता पहिल्यांदा तिने बाईंच्या तोंडाकडे बघितलं.

"बाई, सोडू का?"

लाल ठिपका चालू होता. म्हातारी दोन्ही हात पुढे धरून उभी राहिली. तिला घाई नव्हती. छापखान्यात मालकाच्या होकारासाठी तिने अख्ख्या दुपारी अशा उभ्याने काढल्या होत्या.