दोन इयत्ता पुढे

एकाहत्तरच्या जुलैत तिसरी पास झालेल्या कुंदाला मी चौथीऐवजी एकदम सहावीत बसवलं. हेडमास्तर शालिग्रामजी तयार नव्हते. "बहनजी, आठ बरस की बच्ची है," असं ते दोनदा म्हणाले. मीच हट्ट धरला. हिंदी मुलखात, खमरिया इस्टेटीतल्या शाळेत गणित शिकवायला लागून मला सहा वर्षं झाली होती, आणि अशी मुलगी पुन्हा भेटायची नाही, हे मला कळत होतं. तिचे वडील चिंतामणी इस्टेटीच्याच तोफगोळ्यांच्या फॅक्टरीत कामाला. त्यांच्या पाळ्या बदलत राहायच्या. पुढच्या दिवाळीला बाबा कोणत्या पाळीला असतील, हे कुंदा बोटांवर न मोजता सांगायची आणि ते खरं निघायचं.

चिंतामणींनी क्वार्टरांच्या साऱ्या लायनीत पेढे वाटले. कुंदाची आई अनसूया मात्र तेवढी खूश दिसली नाही.

"आणि लतिका?" तिने मला विचारलं.

लतिका शेजारची, कुंदाच्याच वयाची. दोघी हात धरून शाळेत यायच्या. लहान वर्ग सकाळी भरायचे, मोठे दुपारी. म्हणजे आता एक घरी येणार तेव्हा दुसरी निघणार.

"रविवारी भेटतील की," मी म्हणाले.

सहावीतल्या मुली तिला छुटकी म्हणायच्या. "ए छुटकी, हमारे सवाल लगा दे," म्हणून गणिताच्या वह्या पुढ्यात टाकायच्या आणि मधल्या सुट्टीत खो-खो खेळायला पळायच्या. कुंदाला कोणी खेळात घेत नसे. ती माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभी राहायची. तिला आणखी गणितं हवीत, असं मी समजले. मी तिला आठवीचं पुस्तक दिलं.

डिसेंबरात लढाई सुरू झाली. फॅक्टरीत बारा-बारा तासांची पाळी लागली. ताडपत्री बांधलेले ट्रक शाळेसमोरून जायचे. त्यांत काय असतं, हे इस्टेटीतल्या प्रत्येक पोराला ठाऊक होतं. एका संध्याकाळी शाळा सुटल्यावर कुंदा वही घेऊन आली. इतर कोणी नसलं की ती माझ्याशी मराठीत बोलायची.

"बाई, हे बरोबर आहे का?"

पानावर ट्रक, ट्रकमधल्या पेट्या, पेटीतले गोळे असा गुणाकार होता. खाली एक मोठी संख्या आणि तिच्यापुढे लिहिलं होतं, 'माणसं'.

"एका गोळ्यानं तीन माणसं मरतात असं धरलं मी. कमी धरले का?"

मी गुणाकार तपासला. बरोबर होता.

"गुणाकार छान आहे," मी म्हणाले. "पण तीन हा नुसता अंदाज झाला. अंदाजाला आधार लागतो."

आठ वर्षांच्या मुलीला मी हे बोलले.

"त्याच्यात लहान पोरंपण असतात?"

"लढाईवर फौजी असतात, बेटा. चल, ही त्रैराशिकं सोडव."

तिने वही मिटली. त्रैराशिकं सोडवून दिली आणि घरी गेली.

आठवड्याने अनसूया शाळेत आली. डोळे सुजलेले होते. कुंदा वडिलांच्या पंगतीला बसत नव्हती. त्यांनी डोक्यावर हात ठेवला की बाजूला व्हायची. त्या दिवशी सकाळी ते निघाले, तर तिने सायकलचं कॅरिअर धरून ठेवलं. "बाबा, नका जाऊ. तुम्ही नाही गेले तर तेवढे कमी होतील," म्हणून ओरडत राहिली. लायनीतली माणसं दारात येऊन बघायला लागली. चिंतामणींनी तिच्या थोबाडीत मारली. त्यांनी याआधी तिला कधी बोटही लावलं नव्हतं. ते उपाशीच कामावर गेले.

"बाई, तिला हिशोब येते, पण झेलता नाही येत," अनसूया म्हणाली. "कोणापाशी बोलंल ती? लतिका आता दुसऱ्या पोरींसंग खेळून राहिली. तुम्ही हिला पुढं नेलं, पण तिथं हिचं कोणी नव्हतं नं."

"मी बोलते तिच्याशी," मी म्हणाले. पण लढाई संपली की सारं निवळेल, असं मनाला सांगत मी दिवस ढकलले. लढाई लवकरच संपली. इस्टेटीत मिठाई वाटली गेली.

जानेवारीत छमाही परीक्षा झाली. कुंदाचा गणिताचा पेपर कोरा होता. वर फक्त नाव आणि रोल नंबर, वळणदार अक्षरात. मी तिला जवळ बसवून विचारलं, "काहून असं केलं?"

"येत नाही."

"सात आठे?"

"माहीत नाही, बाई." ती सरळ माझ्या डोळ्यांत बघत होती.

एप्रिलमध्येही तेच झालं. जुलैत शालिग्रामजींनी तिला पाचवीत, तिच्या वयाच्या मुलींत पाठवलं. लतिकाच्या बाकावर तोवर दुसरी मुलगी बसत होती. कुंदा मागे जाऊन बसली. पुढे गणित सोडून तिने गृहविज्ञान घेतलं, तिसऱ्या श्रेणीत मॅट्रिक झाली आणि लग्न होऊन शहपुऱ्याला गेली.

त्या कोऱ्या पेपराला वीस वर्षं होऊन गेल्यावर घमापूरच्या बसमध्ये ती माझ्या शेजारी येऊन बसली. तिनेच मला ओळखलं. आईबाबांचं, माझ्या गुडघ्यांचं बोलणं झालं. मग ती एकदम म्हणाली, "बाई, तुम्ही अजून रागावून आहात का माझ्यावर? मला येत होतं सगळं. तुम्ही केवढी मेहनत घेतली होती."

इतकी वर्षं ती माझी अपराधी होऊन जगत होती.

"चूक माझी होती, कुंदा," मी म्हणाले. "तू घाबरून माझ्यापाशी आली होतीस. मला ते दिसलंच नाही."

ती खिडकीकडे तोंड करून बसली. तिकडेच बघत म्हणाली, "माझी पोरगी दुसरीत आहे. खूप हुशार आहे, बाई." मग आवाज खाली आणला. "पण मी शाळेत कोणाला कळू देत नाही."

उतरण्याआधी मी तिला माझा पत्ता लिहून दिला. "पोरीला घेऊन ये, नुसती भेटायला," म्हटलं. तिने कागद पर्समध्ये ठेवला, वाकून नमस्कार केला. ती कधी आली नाही.