काचेवरचा आकडा

आमच्या घरामागच्या कुरणात अकरा जुन्या गाड्या उभ्या होत्या आणि त्यांपैकी एक चालत होती. हे प्रमाण नऊ टक्के पडते. पस्तीस वर्षे पाणी-तपासणीच्या प्रयोगशाळेत काढलेल्या बाईला ते यश म्हणून पटवणे अवघड आहे. माझा नवरा व्हर्नन प्रिबिल मात्र उरलेल्या दहांना ‘बंद’ म्हणत नसे. ‘अजून जोडायच्या’ म्हणे. एकीचे इंजिन दुसरीच्या मागच्या सीटवर, दुसरीचा गिअरबॉक्स माझ्या कपडे धुण्याच्या खोलीत. तिसरीच्या बॉनेटमधून तुतीचे झाड वर आले होते. ते त्याने तोडू दिले नाही, कारण सावलीत रंग टिकतो.

मे महिन्यात आम्ही करार केला. हंगाम संपेपर्यंत त्या चालत्या गाडीने शर्यतीची एक तरी फेरी जिंकली, तर अकराच्या अकरा राहतील. नाही तर भंगारवाला येऊन दहा नेईल. व्हर्न सहा वेळा उतरला आणि सहाही वेळा पहिल्याच फेरीत हरला. आता हंगामाचा शेवटचा रविवार उरला होता.

हरण्याचे कारण मला ठाऊक होते. नेब्रास्कातल्या आमच्या या जुन्या विमानपट्टीवर हौशी लोक पाव मैल गाडी पळवतात, तेव्हा आपली गाडी किती सेकंद घेईल, ते प्रत्येक चालक पांढऱ्या बूटपॉलिशने काचेवर आधीच लिहितो. संथ गाडीला तेवढ्या फरकाने आधी सोडतात. जो आधी पोचेल तो जिंकतो; मात्र लिहिल्यापेक्षा कमी वेळात पोचलात तर बाद. म्हणजे ही परीक्षा वेगाची नाही, स्वतःविषयीच्या ज्ञानाची आहे. व्हर्न दर वेळी सोळा सेकंद नव्वद शतांश लिहायचा. त्याच्या त्या चालत्या, लांबलचक स्टेशन वॅगनने तो आकडा एकदाच गाठला होता. एप्रिलमध्ये, कडाक्याच्या थंडीत, पाठीवर वारा घेऊन.

त्या रविवारी समोर ड्वेन रुझिका होता, अकरा सेकंदांची निळी गाडी घेऊन.

“व्हर्न, लेका, शवपेटी घेऊन आलास की काय?” त्याने विचारले.

“मागे जागा आहे. हरलास की तुलाच झोपवून नेतो.”

ड्वेन हसत गेला. व्हर्नने बूटपॉलिशची बाटली उघडली, काचेसमोर थोडा वेळ उभा राहिला आणि ती माझ्या हातात दिली.

“तू लिही, लोटी.”

“मी? अरे, दहा गाड्या जाव्यात म्हणून चार महिने वाट बघणारी बाई आहे मी.”

“माहीत आहे.”

“मग?”

“मग काय? तुला खोटा आकडा लिहिता येत नाही. लिही लवकर, रांग पुढं सरकतेय.”

तापमान एक्याण्णव अंश फॅरनहाइट होते, हवा दमट, वारा समोरून. अशा गरम, विरळ हवेत इंजिन मंदावते. माझ्या वहीत त्या वॅगनच्या एकेचाळीस धावांच्या नोंदी होत्या. सतरा वीस लिहिले असते, तर गाडी मागे पडून हरली असती, कुरण रिकामे झाले असते आणि व्हर्नने उन्हाला दोष दिला असता. दुसऱ्या कोणालाही कळले नसते. मी सतरा चौतीस लिहिले.

“सतरा!” तो कण्हला. “अगं, माणसं हसतील.”

“हसू देत. बस आत.”

वॅगन सुटली. ड्वेन मागे सहा सेकंद खोळंबून राहिला. “मंडळी,” कर्ण्यातून निवेदक म्हणाला, “प्रिबिल निघालेत. कोणाला जॅमचे गोड कोलाचे-पाव आणायचे असतील तर आत्ताच जाऊन या!” लोक हसले. मग निळी गाडी सुटली आणि हसणे थांबले. तिने अंतर असे खाल्ले की मी वही छातीशी धरली. या कृतीचा निकालावर काहीही परिणाम होत नाही, हे मला माहीत आहे.

वॅगन दोन हातांनी पुढे राहिली. फलकावर तिचा वेळ आला: सतरा पस्तीस. एका शतांशाची चूक.

ड्वेन टोपी मागे सारत आला. “आकडा कोणी काढला?”

“बायकोनं,” व्हर्न म्हणाला. इतर पुरुष ‘इंजिन मी स्वतः बांधलं’ म्हणतात, अगदी त्याच सुरात.

“लोटी, माझ्या गाडीचा काढशील?”

“नोंदी किती आहेत तुझ्याकडे?”

“कसल्या नोंदी?”

“चाळीस धावांच्या आण, मग बोलू.”

तिथूनच मी भंगारवाल्याला फोन केला. सोमवारी येऊ नका, म्हटले. “एकही नाही द्यायची, बाई?” त्याने विचारले. एकही नाही. हे सांगताना माझा आवाज करारात हरलेल्या व्यक्तीचा वाटत नव्हता, हे मीच नोंदवते.

दुसऱ्या फेरीपूर्वी ढग आला. तापमान चार अंशांनी उतरले. मी काच पुसून सतरा तीस लिहिले. व्हर्न हिरवा दिवा लागण्यापूर्वीच सुटला आणि बाद झाला.

“पाय घसरला,” परत येऊन तो म्हणाला.

“छाती फुगली की पाय घसरतो.”

गाडी हलल्यापासून मोजलेल्या वेळेची चिठ्ठी त्याने खिडकीतून माझ्याकडे दिली. सतरा तीस.