पेन्सिलीने लिहिलेला शेरा

लोखंडाच्या भट्टीवर मी रसायनज्ञ होतो. भट्टीतून वाहून येणाऱ्या स्लॅगचा, म्हणजे खनिजातल्या वितळलेल्या गाळाचा, नमुना तपासायचा आणि आकडे वहीत भरायचे. शेवटी शेऱ्याचा रकाना असे. तो कुणी वाचत नसे, म्हणूनच बहुधा मला तो आवडे.

त्या महिन्यात साहेबांना लोखंडात गंधक कमी हवं होतं, म्हणून भट्टीत चुनखडी वाढवली होती. गंधक उतरलं, पण स्लॅगमधलं पोटॅश, म्हणजे खनिजातून येणारा क्षार, तेही उतरलं. खनिजाबरोबर आत तर ते रोज तेवढंच जात होतं. मग राहत होतं कुठे? पुस्तकात उत्तर होतं. खालच्या धगीत पोटॅशची वाफ होते, ती वर थंड भागात भिंतीला धरते, थरावर थर चढतो आणि एक दिवस वरून येणारा खनिज-कोळशाचा माल त्या अरुंद गळ्यात अडकतो. खालून फुंकलेला वारा त्याखाली कोंडून दाब चढतो आणि माल कोसळला की दबलेला वायू माथ्यातून उसळतो. मी शेऱ्यात लिहिलं, 'पोटॅश आत साठत असावे काय?' अकरा दिवस तेच, पेन्सिलीने. चुकलं तर खोडता यावं म्हणून.

बाराव्या दिवशी दुपारी माझा मेहुणा दारातून डोकावला. तो भट्टीवरच फिटर होता आणि जेवायला आमच्याकडे असे.

"भाऊजी, ताईला कळवा, उशीर होईल. सळई पुन्हा रुसलीय."

सळई म्हणजे माथ्यावरून आत सोडलेला दांडा. तो मालावर टेकलेला असतो; माल खाली सरकला की तोही सरकतो.

"हलतच नाही?"

"वीस मिनिटं झाली. गेल्या आठवड्यात अडकली होती, तशीच. दोन हातोडे घातले की शहाण्यासारखी चालेल. तुम्ही बसा पुस्तकात नाक खुपसून."

तो गेला. त्या सकाळचं पोटॅश आजवरचं सगळ्यांत कमी होतं. सळई ठीक असेल आणि मालच थांबला असेल तर?

खिडकीतून त्याचं पिवळं हेल्मेट माथ्याकडे जाणाऱ्या जिन्यावर दिसत होतं. फोन करायचा तर मला आधी मनात वाक्य जुळवावं लागे. ते जुळेना. हेल्मेट पहिल्या टप्प्यावर. मी पुस्तकाचं पान पुन्हा उघडलं, अशा वेळी! तिसरा टप्पा. मी फोन उचलला.

"बोला पंडित," फोरमन म्हणाला.

"वाऱ्याचा दाब किती आहे?"

"चढलाय जरा. का, आता वारापण नळीत घालून तपासणार?"

"सळई नाही अडकली. माल अडकलाय. त्याला खाली बोलवा."

"कशावरून?"

"पोटॅशवरून."

तो हसला. "मेहुणा वर गेला म्हणून पोटात गोळा आला होय? खात्री आहे तुमची?"

हेल्मेट चौथ्या टप्प्यावर होतं.

"नाही," मी म्हणालो. आणि मग ओरडलो. "खात्री नाही! तरी बोलवा! चुकलो तर उद्या माझी धिंड काढा!"

त्याने फोन आपटला. मग कर्ण्यातून आवाज आला, "फिटर, खाली या. लगेच."

हेल्मेट थांबलं. त्याने 'काय कटकट' असा हात उडवला आणि उतरू लागला. सावकाश. तिसरा टप्पा. दुसरा.

पायाखालची फरशी दबल्यासारखी झाली. मग माथ्यावरच्या झडपा उडाल्या, काळा लोट फुटला आणि वरच्या टप्प्यांवर लालभडक कोळसा गारांसारखा तडतडला. माझ्या काचा फुटल्या.

तो जिन्याच्या पायथ्याशी बसलेला सापडला, नखशिखांत काळा. डाव्या कानातून रक्त येत होतं.

प्रथमोपचाराच्या खोलीत फोरमन आला. काखेत माझी वही होती.

"अकरा दिवस लिहिताय," तो हळू म्हणाला. "बोलला का नाहीत?"

मी त्याच्या काखेतली वही काढून घेतली.

"काय म्हणतोय हा?" मेहुण्याने उजवा कान माझ्याकडे वळवला. मी सांगितलं. एरवी त्याने टोमणा मारला असता.

"ताईला तुम्हीच सांगायचं," तो म्हणाला. "अकरा दिवसांसकट. आणि तोंडाने, भाऊजी."

आम्ही घराकडे निघालो. मी त्याच्या उजव्या बाजूला झालो.