सदतिसावा ठिपका

...ठिपका. शिसपेन्सिलीचा, मोहरीएवढा. आलेखावरचे बाकीचे एकोणसाठ ठिपके रेषेला धरून शहाण्यासारखे बसलेले आणि हा एकटाच खाली, कोपऱ्यात, न बोलावता आल्यासारखा. जयरामने खोडरबर उचललं, पुन्हा टेबलावर ठेवलं. एक ठिपका खोडायला एवढा वेळ! प्रबंध उद्या, सोमवारी, पुण्याला पोचायलाच हवा. मुदत संपत होती, आणि मुदत संपली की सहा वर्षं पाण्यात.

पुण्याच्या मार्गदर्शकांचं पत्र समोरच होतं. ‘क्र. ३७ अपवादात्मक, वगळावा. उर्वरित निष्कर्ष उत्कृष्ट. रेषेपासून ठिपक्यांचे ढळणेही आदर्श, नियमरहित.’ आदर्श म्हणे! वीस वर्षांत कारखान्याचं फाटक न पाहिलेला माणूस... आणि इथले तरी काय, स्टाफरूममधले, पिवळ्या पडलेल्या वह्यांतून मागणीचा नियम वाचून दाखवणारे, ज्यांना सहसंबंध म्हटलं की सोयरीक आठवते. त्या सगळ्यांत मीच एकटा, सातपूरचे साठ कारखाने घेऊन, नफा वाढला की पुढल्या वर्षी यंत्रं वाढतात हे आकड्यांनी सिद्ध करणारा, हाताने गणकयंत्र फिरवून फिरवून खांदा धरलेला — सहसंबंध ०.९४, जवळजवळ एकाला टेकलेला! नाशकात कुणाला कळणार आहे ०.९४ म्हणजे काय?

आणि त्यात हा सदतीस. बोल्ट करणारा धोंडीराम, तेलकट बनियनमधला. नफा दुप्पट आणि नवं यंत्र एकही नाही! “का नाही घेतलं?” असं त्याला तीनदा विचारलं होतं. तो हसला होता. “कशाला सर? हाय ते पुरतंय. पाचला घरी जातो, पोरीसंगं जेवतो.” गाढवाला गुळाची चव काय! शेडबाहेर येऊन जयरामने बूट पुसले होते, तेव्हाही हेच मनात आलं होतं...

बूट पुसले होते. म्हणजे तिथे मी स्वतः गेलो होतो. मग बाकीच्या ठिकाणी...?

“सर, शेवटचं प्रकरण टाइप करून आणलंय.” कॉलेजच्या ऑफिसातला कारकून गोटीराम दारात उभा होता. मूळचा हरसूलकडचा, पन्नाशीचा. सर्वेक्षणाचे फॉर्म त्यानेच भरून आणले होते, फॉर्ममागे दोन रुपये घेऊन.

“गोटीराम, सदतीस नंबरला मी का गेलो होतो?”

“मला हिवताप आलता ना तवा. तेवढा एकच तुमी केला.”

“आणि बाकीचे मालक? सगळे भेटले?”

“भेटत्यात कुठं सर! फाटकावरूनच हाकलत्यात.” गोटीराम मोकळेपणाने हसला. “पण तुमी पहिल्या दिवशी फळ्यावर रेघ काढून समजावलं व्हतं, नफा एवढा तर यंत्रं एवढी. ती मी वहीत उतरून घेतली आन् तिच्यावरून भरलं. समदं सारखं दिसाया नको म्हणून जरा वर-खाली केलं, एवढंच.” मग, जरा घाबरून, “चुकलं का काय सर?”

पंख्याचा खडखड आवाज. टेबलावर ती रेषा, जयरामचीच, फळ्यावरून वहीत, वहीतून फॉर्मात, फॉर्मातून पुन्हा त्याच्याकडे आलेली. आणि तिच्याभोवतीचं ते आदर्श, नियमरहित ढळणं म्हणजे गोटीरामचं वर-खाली. हसू यायला हवं होतं. या माणसाचा राग यायला हवा होता, निदान नेहमीची ती किळस तरी, जी स्टाफरूममध्ये पाऊल टाकताच यायची. जयरामने ती मनात शोधून पाहिली. ती होती, पण तिचं तोंड आता भलतीकडेच वळलेलं होतं आणि तिला चुकवायला जागा नव्हती.

“नाही,” तो म्हणाला. “छान भरलेत तुम्ही.”

गोटीराम समाधानाने जिना उतरला. जयरामने खोडरबर घेऊन ठिपक्याच्या कडेला टेकवलं. सहा वर्षांत एका माणसाला खरोखर विचारलं, त्याने खरं उत्तर दिलं, आणि मी बूट पुसले. खोडरबर तिथेच राहिलं, हलेना. रविवारचे पाच वाजत आले होते. धोंडीराम आता घरी असेल, पोरीबरोबर. जयरामला त्याचा हेवा वाटला.