कुंपणावरची बिंबोकाझुरा

पाणी शिंपडायच्या पळीच्या दांड्याला शेजारच्या वेलीच्या हिरव्या तंतूने रात्रीत वेढे घातले होते, कुणाला न विचारता, थेट मालकाच्या वळणावर... हा हिनागो ओसाकाहून शेजारी राहायला आल्यापासून त्याला एक गोष्ट कळली असेल तर शपथ, असं मनाशी म्हणत सुएनोबाईंनी वेढा सोडवला नाही. पुरावा राहू दे. कुंपणाच्या साझान्काच्या झाडांना — नवऱ्याने स्वतःच्या हाताने लावलेल्या — त्या वेलीने गळ्यापर्यंत गुंडाळलं होतं. यंदा थंडीत फूल धरतील की नाही कोण जाणे... आणि नवरा गेल्यानंतरची ही पहिलीच थंडी.

क्योतोत 'तुमची वेल काढा' असं कुणी म्हणत नाही. वेलीचं कौतुक करायचं. शहाणा माणूस काय ते समजतो आणि संध्याकाळी कातरी घेऊन बाहेर येतो. प्रश्न फक्त शब्दाचा. पावसाळ्यात त्या नुसतं 'त्सुरु' म्हणाल्या, कुठल्याही वेलीला म्हणतात तसं: तुमची त्सुरु भारी चपळ हो. तो खूश. मग 'त्सुता' — ती वेल, जी भिंतीवर चढली की आत कॉफी महाग मिळते: आमच्या गरीब कुंपणाला तुमच्या त्सुताने शोभा आणली. तो लाजला, आणि त्याने खत घातलं. परवा तर जुन्या गाण्यांतला 'काझुरा' काढला, इतका खानदानी शब्द की बोलताना स्वतःलाच वाकून नमस्कार करावासा वाटला... शाळा जेमतेम झालेली, पण शब्द कधी उसना आणावा लागला नव्हता.

"आई, सरळ सांगा ना, बिंबोकाझुरा आहे म्हणून," सून रित्सुको म्हणाली. "दारिद्र्याची वेल."

"आपल्याच दारात ते नाव घेऊ? घेतलं की ती आत आलीच समज."

"आत येऊन पळी धरून बसलीय."

सुनेला जीभ फुटली होती. कुणाच्या वळणावर गेली, हे सुएनोबाईंना ठाऊक होतं.

तेवढ्यात हिनागो दारात. हातात कुंडी, कुंडीत काडीला बांधलेली तीच वेल.

"बाईसाहेब, तुम्हाला एवढी आवडते, म्हटलं तुमची स्वतःची असावी." तो कुंडीकडेच बघत होता. "आमची ही गेल्यापासून माझ्या हातच्या कशाला कुणी चांगलं म्हटलं नव्हतं."

आणखी एक गोड शब्द सुएनोबाईंच्या ओठावर तयार होता... तो एकाएकी शिळा लागला. म्हणजे एवढे दिवस आपण शिव्या वाढत होतो — आणि हा ताट चाटूनपुसून जेवत होता, एकटाच बसून...

त्यांनी दोन्ही हातांनी कुंडी घेतली.

"हिनागोसान, ही बिंबोकाझुरा आहे," त्या दारातच म्हणाल्या. "माझ्या माणसाची झाडं मारतेय. तुम्हाला वेल कळत नाही, बोलणं कळत नाही, पाणी तेवढं मन लावून घालता. उद्या कातरी घेऊन या. साझान्का कसा असतो, ते दाखवते."