नेहमीसारखा ब्रेक

मास्तरांच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये कुणी रडत नाही, ही त्यांची ख्याती. स्कूलच्या गाडीत शिकणाऱ्याच्या शेजारी मास्तर बसत आणि त्यांच्या पायाशी दुसरा ब्रेक असे. नवशिक्याचा पाय अर्धवट पडला, की उरलेला ब्रेक मास्तर इतका अलगद दाबत की त्याला पत्ताही लागू नये. वर "शाब्बास!" गिऱ्हाईक खूश, मास्तर खूश. खोटं बोलायला जीभच लागते असं थोडंच आहे? पायही पुरतो.

सुनेला त्यांनी असंच शिकवलं, जरा जास्तच लाडानं. शिकाऊ परवान्यावर एकटीनं गाडी काढू नकोस, हे बजावलंही होतं. पण त्यांचा मुलगा बायकोला म्हणाला, "अगं, कोपऱ्यापर्यंत तर जायचंय. सारखं बाबांचं बोट धरून चालणारेस का?" आणि घरच्या गाडीची किल्ली तिच्याकडे फेकली.

कोपऱ्यावरची इस्त्रीवाली कपडे पोचवायला रस्ता ओलांडत होती. सुनेच्या गाडीखाली जागच्या जागी गेली. गाठोडं सुटून रस्त्यावर पसरलं. त्यात मुलाचाच निळा शर्ट होता. घडीसुद्धा मोडली नव्हती.

"मी ब्रेक दाबला होता हो, बाबा," सून भिंतीला टेकून तेच तेच सांगत होती. "शप्पथ! नेहमीसारखा दाबला. गाडी थांबलीच नाही."

"ब्रेक फेल," मुलगा म्हणाला. "परवाच गॅरेजमधून आणली होती. त्या गाढवानंच घोळ घातलाय. उद्या पोलिसांना जबाबात हेच सांगायचं."

"तो म्हणतोय, ब्रेक ठणठणीत आहेत," मास्तर पुटपुटले.

"चोर कधी म्हणतो का, मी चोर?"

मास्तरांच्या कानात मात्र सुनेचा 'नेहमीसारखा' वाजत होता. तोंड उघडलं नाही तर सून सुटेल, स्कूलही टिकेल. गॅरेजवाला जाईल बाराच्या भावात. आणि सून तर खोटं बोलतच नव्हती!

सकाळी जबाबाला नेतो म्हणून त्यांनी सुनेला स्कूलच्या गाडीत घातलं आणि गाडी सरावाच्या मैदानावर आणली. समोर रिकामं पिंप उभं केलं.

"बस स्टिअरिंगवर. पिंपाच्या अलीकडे थांबव. नेहमीसारखी."

"मला नाही जमणार, बाबा."

"बस म्हणतो ना!"

तिनं गाडी नेली, ब्रेक दाबला. गाडी किंचित मंदावली, पिंपाला धडकली, त्याला लोळवत पुढच्या मातीच्या ढिगात जाऊन रुतली. तिनं वळून पाहिलं. सासरे सीटवर मांडी घालून बसले होते.

"पाय वर का घेतलेत?"

"एरवी खाली असायचा. ब्रेकवर."

"कितीदा?"

"दरवेळी."

"आणि ते शाब्बास?"

मास्तर मांडी सोडून पाय खाली घेऊ लागले.

"मला रडवलं असतंत तर काय बिघडलं असतं हो तुमचं?" ती किंचाळली. "ती बाई तरी घरी गेली असती!"

त्यांनी जागा बदलल्या. मास्तरांनी गाडी ढिगातून मागे काढली आणि रस्त्याला लावली. खिशात मुलाचा फोन वाजत होता. सगळं खरं सांगायचं, असं ते मनाशी घोकत होते. पण चौकीचं फाटक दिसलं आणि त्यांचा पाय ॲक्सिलरेटरवरून उठेना. फाटक जवळ आलं, शेजारी आलं, मागे पडणार, इतक्यात गाडी गचकन थांबली. मास्तरांचं कपाळ स्टिअरिंगवर आपटलं.

त्यांनी ब्रेकला पाय लावला नव्हता. त्यांच्या जागी सून बसली होती आणि तिनं दुसरा ब्रेक तळाला टेकवला होता.

"शा..." सवयीनं तोंडात आलं. मास्तरांनी जीभ चावली.

"उतरा, बाबा," ती म्हणाली. पाय तिनं काढला नाही. "आधी तुमचा जबाब."