कोऱ्या पाण्याची कुपी

मी बोटाएवढी एक कुपी बोलतेय. बोलतेय म्हणजे कुजबुजतेय. मोठ्या आवाजानेही तडा जातो, असं प्रयोगशाळेत एकदा कुणीतरी म्हणालं होतं. ते खरं होतं की थट्टा, हे मला अजून कळलेलं नाही. म्हणून जपून बोलते.

मी साध्या काचेची नाही, क्वार्ट्झची आहे. गारगोटीच्या जातीची म्हणा ना. माणसांना न दिसणारा एक प्रकाश असतो, अतिनील नावाचा. साधी काच त्याला बराचसा वाटेतच अडवते. मी त्याला पलीकडे जाऊ देते. माझा गुण म्हणाल तर एवढाच. दिसायला मात्र साध्या काचेच्या कुप्या आणि आम्ही सारख्याच: चौकोनी, उभट, दोन बाजू लख्ख आणि दोन दुधी.

माझा जन्म भट्टीत झाला. त्या आगीची मला भीती वाटली नव्हती. भीती वाटली ती पहिल्यांदा कुणीतरी चिमटीत धरून उचललं तेव्हा. मी वरून पाहिलं आणि खाली फरशी दिसली. त्या दिवसापासून फरशी माझ्या मनातून गेलेली नाही.

मी एकटी नव्हते. आम्ही जुळ्या होतो. एकाच वेळी घडवलेल्या, एकीतून जेवढा प्रकाश जाईल तेवढाच दुसरीतून जाणार याची खात्री करून एका मखमली पेटीत शेजारी शेजारी ठेवलेल्या. प्रकाश मोजणाऱ्या यंत्रात आम्हाला जोडीनेच बसवायचे. बहिणीत पेय असायचं आणि माझ्यात कोरं पाणी. यंत्र दोघींतून तोच अतिनील प्रकाश सोडून फरक सांगायचं. बहिणीने किती कॉफ्या चाखल्या. फिकट, काळ्या, जळक्या. माझ्या वाट्याला कायम पाणी. मी कधी कुरकुर केली तर ती म्हणायची, अगं, तुझ्यावाचून माझ्या आकड्याला काडीची किंमत नाही.

आमची देखभाल करणारी एक ताई होती. वनस्पतींमध्ये अँटिऑक्सिडंट नावाची द्रव्यं असतात. चिरलेलं सफरचंद काळं पडतं, तशी हवेने होणारी झीज ती थोपवून धरतात. कॉफीत ती जास्त की झाडपाल्याच्या चहात, हे ताईला शोधायचं होतं. ताई भारी भित्री. निघताना दाराची कडी ओढून बघायची, जिन्यापर्यंत जाऊन परत यायची, पुन्हा ओढायची. प्रयोगशाळेतला मोठा विद्यार्थी, ज्याला सगळे दादा म्हणत, तिला भागूबाई म्हणायचा. भित्री भागूबाई. ती ओशाळं हसायची आणि मान खाली घालून कामाला लागायची. मला धुताना तिची बोटं थरथरायची, पण माझ्यावरची पकड कधी सैल झाली नाही. मला तिच्या हातात बरं वाटायचं. दुसऱ्याच्या हातात मात्र जीव मुठीत धरून राहावं लागायचं.

रोज सकाळी काम सुरू करण्याआधी शून्य करायचं असतं. म्हणजे आम्हा दोघींत कोरं पाणी भरायचं आणि यंत्राला सांगायचं, बघ बाबा, या दोघींत काही फरक नाही. त्यानंतर दिवसभर यंत्र त्या शून्यापासून मोजतं.

कॉफीची मोजणी संपली होती. झाडपाल्याच्या चहाची सुरू व्हायची होती. त्या सकाळी दादा लवकर आला आणि त्याने शून्य केलं. मग आम्हाला बाहेर काढताना त्याचा फोन वाजला. त्याने एका हाताने फोन काढला आणि दुसऱ्या हातातून माझी बहीण निसटली.

त्या आवाजाबद्दल मला काही सांगता येणार नाही.

दादाने आधी दाराकडे पाहिलं. त्याच्या प्रबंधावर प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांची सही व्हायची होती आणि सर वस्तू फुटली की महिनाभर बोलत नसत. त्याने तुकडे कागदात गुंडाळले, कपाटातून साध्या काचेची एक कुपी आणली आणि बहिणीच्या जागी माझ्याशेजारी ठेवून दिली. क्वार्ट्झची खूण म्हणून आमच्या डोक्यावर कोरलेलं बारीक अक्षर धुऊन धुऊन पुसट झालं होतं, ते कोण बघणार? मी बघत होते. माझ्याशेजारी एक परकी उभी होती आणि ओरडायला मला तोंड नव्हतं.

ताई आली तेव्हा तिने पुन्हा शून्य करायला हात पुढे केला. दादा म्हणाला, "शून्य मी करून ठेवलंय. माझ्यावर विश्वास नाही का, भागूबाई?"

तिने हात मागे घेतला.

मग तिने त्या परकीत पुदिन्याचा आणि वाळक्या फुलांचा चहा भरला. परकीने आपल्या स्वभावाप्रमाणे प्रकाश अडवला. यंत्राला वाटलं, चहानेच अडवला. जितका प्रकाश अडतो तितकं द्रव्य जास्त, एवढंच त्याला कळतं. चहाची सगळी मोजणी त्या एका दिवसातच उरकली, आणि त्या मिळमिळीत चहाने कॉफीला कुठल्याकुठे मागे टाकलं.

सर खूश झाले. ज्या कंपनीचा तो चहा होता, तिच्या लोकांना त्यांनी सांगून टाकलं. खोक्यावर छापायचं ठरलं आणि शास्त्रज्ञांच्या सभेत सरांचं भाषणही ठरलं. ताईच्या आईने तर शेजारच्या काकूंसकट सगळ्यांना बातमी दिली आणि स्वतःची सकाळची कॉफी सोडली. ताई हे दादाला सांगत होती तेव्हा हसत होती. पण माझ्याभोवतीची तिची बोटं गार पडली होती. त्या दिवशी कुठली पानं टाकली तरी आकडा मोठाच आला होता, आणि त्याचीच तिला भीती वाटत होती.

सभेच्या आदल्या दुपारी सगळे जेवायला गेले असताना ती परत आली. कडी ओढून बघायला यावं तशी. तिने माझ्यात कोरं पाणी भरलं. परकीतही कोरं पाणी भरलं. दादाने केलेलं शून्य यंत्रात तसंच राहू देऊन आम्हाला आत ठेवलं आणि झाकण लावलं.

आत काळोख होता. प्रकाश आला. माझ्यातून गेला, तिच्यात अडकला.

झाकण उघडलं तेव्हा ताईचा चेहरा मला ओळखू येईना. नुसत्या पाण्यात यंत्राने कॉफीशी बरोबरी करणारा आकडा दाखवला होता. तिने आम्हा दोघींना खिडकीशी नेलं, तिरकं धरलं आणि आमच्या डोक्यावरची अक्षरं शोधली. माझ्यावरचं सापडलं. परकीवर नव्हतंच.

तेवढ्यात दादा आत आला. त्याने यंत्राचा पडदा पाहिला आणि त्याला सगळं समजलं. तो खुर्चीत बसला आणि त्याने कबूल केलं. मग हळू आवाजात समजावू लागला की आता बोलून सरांची शोभा होईल, त्याची सही जाईल, तिचंही नाव खराब होईल. बोलता बोलता त्याने मला उचललं आणि तो बेसिनपाशी गेला.

"जोडीच फुटली म्हणून सांगू," तो म्हणाला. "नवी यायला कित्येक महिने लागतील. तोवर कोण मोजून बघतंय?"

मी त्याच्या दोन बोटांत होते. खाली नळाची लोखंडी तोटी आणि कडक, पांढरं बेसिन. त्याची बोटं घामाने ओली होती, मी कणाकणाने खाली सरकत होते. दुष्ट नव्हता हो तो. माझ्याइतकाच घाबरला होता.

ताईचा आवाज मी त्याआधी नीट ऐकलाच नव्हता, असं मला तेव्हा वाटलं.

"दादा, ती खाली ठेव."

तो म्हणाला, वेडी आहेस का. ती पुढे आली, तिने माझ्याखाली आपला तळवा धरला आणि तशीच उभी राहिली.  दादाने तिच्याकडे पाहिलं. मग चिमूट सोडली. मी तळव्यात पडले.

ती मला घेऊन सरळ सरांच्या खोलीत गेली. ती दारातच उभी राहिली. सरांनी दोनदा विचारलं, काय गं, काय झालं? तेव्हा तिने सगळं सांगितलं. दादाची चूक सांगितली, पण त्याआधी स्वतःची सांगितली: मी पुन्हा शून्य करायला हवं होतं, सर, मला तसं म्हणायची लाज वाटली.

सर उठून प्रयोगशाळेत आले. परकीला बाजूला ठेवून त्यांनी आधी माझ्यात पाणी मोजलं, मग तोच चहा माझ्यात भरून मोजला. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या वाट्याला पेय आलं होतं, पण चव घ्यायचं भान कुणाला होतं? आकडा आला. कॉफीच्या निम्माही नव्हता.

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. कंपनीला फोन करून छपाई थांबवायला सांगितली. पलीकडचा आवाज बराच चढला होता. फोन ठेवून ते ताईला म्हणाले, "उद्या भाषण होईल. पण मी नाही, तू बोलायचंस. आकडा कसा चुकला आणि कसा सापडला, ते."

ताईने मला इतकं घट्ट धरलं की आता आपण संपलो, असं मला वाटलं.

आज ती सभा आहे. ताईने मला लोकांना दाखवायला आणलंय. आत्ता आम्ही दाराबाहेर उभ्या आहोत. आत दोनशे खुर्च्या असतील, पहिल्या रांगेत कंपनीचे लोक बसलेत, दादा अगदी मागे बसलाय. त्याच्या सहीचं काय होणार, ते सर अजून बोललेले नाहीत. ताईच्या मुठीत मी ओली झालेय आणि तिची नाडी माझ्या काठाला लागतेय. तिच्या पायाखाली संगमरवरी फरशी आहे. मला ती दिसतेय.

तुम्ही आत बसला असाल तर एक विनंती आहे. तिचा आवाज चिरकेल. पहिलं वाक्य अर्ध्यावर तुटेल. तेव्हा कृपा करून हसू नका, कुणाकडे वळून कुजबुजू नका. थोडं थांबा. तिला पुढचं वाक्य येतं.

तिचं नाव पुकारलं. दार उघडलं.